शाळेचा पैसा कुठे अडतो? वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत संताप आहे आणि तो रास्त आहे. नगर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात मी आधी शिक्षिका होते, मग मुख्याध्यापिका आणि शेवटी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी. त्या नोकरीत जे पाहिलं त्याच्या आधारावर उत्तरं देते आहे. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या वाडीवरच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून १७ मुलं आहेत. दोन शिक्षक होते. जूनमध्ये गुरुजींची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. एकट्या मॅडम चारही वर्ग बघतात, आणि त्यांनाही मीटिंगला तालुक्याला बोलावतात. त्या दिवशी अंगणवाडीच्या ताई पोरांवर लक्ष ठेवतात. लोक म्हणतात, पट वीसच्या आत आहे, शाळा बंदच होणार, कशाला भांडता? मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, पण शिक्षण दहावी नापास. साहेबासमोर काय बोलायचं? (एक पालक, जुन्नर तालुका)

उत्तर : अध्यक्ष दादा, तुम्ही दहावी नापास असाल, पण त्या शाळेपुरते कायद्याने नेमलेले माणूस आहात. साहेबासमोर त्याच नात्याने उभे राहा.

आधी कायदा बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात साफ लिहिलंय की पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. तिथे १७ मुलांना एक आणि ४० ला दोन असा भेद नाही. त्याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदं रिकामी ठेवता येत नाहीत. तुमच्याकडे दोनातलं एक पद रिकामं असेल, तर ते पन्नास टक्के झालं.

मग असं होतं कसं? मंजूर पदं ठरतात संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या सरकारी हिशोबात. ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि त्यातही ज्या मुलाचं आधार पोर्टलवर जुळतं तेच मूल मोजतात. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दरवर्षी यात अडकायची. मूल वर्गात बसलेलं, पाढे म्हणतंय, पण आधारवर आडनावातली एक वेलांटी चुकलेली, म्हणून पदाच्या हिशोबात ते नाही. त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकषच बदलले. वीसपर्यंत पट असेल तर एक नियमित शिक्षक, आणि दुसरा गरज वाटली तर निवृत्त शिक्षकांतून. त्याच वर्षी सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं, तेव्हा राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर आले. त्यांना पगाराचीच काळजी होती असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा चार वर्ग एकत्र शिकवून बघावेत.

मी बघितले आहेत. पहिलीचं पोर आईला सोडून आलेलं असतं, त्याला मांडीवर घ्यावं लागतं. दुसरीला जोडाक्षरं, तिसरीला हातच्याची वजाबाकी, चौथीला भागाकार. एका फळ्याचे खडूने चार भाग करायचे. चौथीला उदाहरण घालून तिसरीकडे वळलात की दुसरीची मुलं दाराबाहेर. हे चालू असताना खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, पोषण आहाराची माहिती ॲपवर भरायची, आणि रेंज नाही म्हणून मोबाईल घेऊन टेकाडावर जायचं. वर मतदारयादीचं काम. कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असं आहे, पण त्या ‘निवडणूक’ शब्दात वर्षभराची यादी आणि घरोघरच्या फेऱ्या बसवल्या जातात. दोन शिक्षक असले की एक बाहेर गेला तरी शाळा चालते. एकच असला की तो गेला त्या दिवशी शाळा उघडी असूनही बंद असते.

बंद होण्याच्या भीतीबद्दल. २०१७ च्या शेवटी राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत घालायचं ठरवलं होतं. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचा विषय आला. अशा शाळा चौदा हजारांहून जास्त निघाल्या होत्या. कागदावर तो विचार चांगला दिसतो. मोठी शाळा, जास्त शिक्षक, ग्रंथालय, बस. पण ओढ्याला पाणी आलं की वाडीवरचं सहा वर्षांचं मूल ती बस गाठणार कशी, याचं उत्तर नकाशा बघून देता येत नाही. आणि बस बंद पडली की आधी मुलींची शाळा सुटते. राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे. हे वाक्य तुमच्या अर्जात आलंच पाहिजे.

आता करायचं काम. महिन्याची समितीची सभा घ्या. समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, त्या आयांना आवर्जून बोलवा. ठराव असा लिहा : “आमच्या शाळेत इयत्ता पहिली ते चौथीची १७ मुलं असून अमुक तारखेपासून एकच शिक्षिका कार्यरत आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे दोन शिक्षक देय आहेत. अमुक-अमुक तारखांना शिक्षिकांना शासकीय कामासाठी बाहेर जावं लागल्याने अध्यापन झालं नाही. दुसरा शिक्षक तातडीने द्यावा.” त्या तारखा खऱ्या लिहा, हजेरीपटावरून. मॅडमना त्यात गोवू नका, ही तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. ठरावाची नक्कल गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी आश्वासनाची किंमत मी ओळखून आहे, पोच सोडू नका. महिन्याने उत्तर आलं नाही तर तोच ठराव ग्रामसभेत मांडा. कलेक्टरपर्यंत गेलेल्या कागदावर मुलांची नावं आणि तारखा असल्या की तो कागद बाजूला ठेवणं जड जातं, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

प्रश्न : शाळेचे मुख्याध्यापक दर मुलामागे दोनशे रुपये मागतात, लाइटबिल आणि झेरॉक्ससाठी. माझी दोन मुलं आहेत, मी रोजंदारीवर जाते. शिक्षण फुकट आहे ना? शाळेला सरकार पैसे देत नाही का? मग ते पैसे कुठे जातात? शाळेचा पट ८४ आहे. (एक आई, मोहोळ तालुका)

उत्तर : ताई, शिक्षण फुकटच आहे. पैसे भरले नाहीत म्हणून तुमच्या मुलाला कुणी काही बोलू शकत नाही, आणि बोललं तर तो गुन्हा समजा. तुम्ही ते दोनशे देऊ नका.

पण त्या मुख्याध्यापकांनाही चोर समजू नका. शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला एक संयुक्त अनुदान मिळतं. तीस मुलांपर्यंत १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, असे टप्पे आहेत. तुमच्या शाळेला २५ हजार. ८४ मुलांनी भागा : एका मुलामागे वर्षाला तीनशे रुपयेही नाहीत.

आता त्या २५ हजारांचं काय होतं ते बघू. किमान दहा टक्के, म्हणजे अडीच हजार, स्वच्छतेवर खर्च करायचा नियम आहे. ॲसिड, फिनेल, झाडू, संडासाची मोडलेली कडी यात ते जातात. वीजबिल हजाराच्या खाली क्वचितच येतं, कारण आता संगणक आहे, टीव्ही आहे, पाण्याची मोटर आहे. बिल थकलं की मीटर काढून नेतात. राहिलेल्या पैशांत खडू, हजेरीपट, प्रिंटरची शाई, चाचण्यांच्या झेरॉक्स, नेटचा रिचार्ज, गळका नळ, फुटलेली कवलं. दोन वर्षांतून एकदा भिंतीला चुना लावायचा तर कशातून लावायचा, हे मलाही कधी सुटलं नाही.

आणि मुख्य गोष्ट, हे पैसे जूनमध्ये येत नाहीत. शाळा जूनमध्ये सुरू होते. पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये. पूर्वी निदान शाळेच्या खात्यात रक्कम दिसायची. २०२१ नंतर व्यवस्था बदलली : खातं शून्य रकमेचं, त्यावर खर्चाची फक्त मर्यादा मिळते, आणि ३१ मार्चपर्यंत न वापरलेली मर्यादा परत जाते. मार्चअखेरीला तालुक्याच्या गावी जाऊन बघा. मुख्याध्यापक नेट कॅफेत रांगेने बसलेले असतात. दुकानदाराची नोंदणी पोर्टलवर झालेली नाही, समितीच्या अध्यक्षांचा मोबाईल बंद, सर्व्हर फिरतोय. माझ्या केंद्रात एका गुरुजींनी जूनपासूनचं लाइटबिल स्वतःच्या पगारातून भरलं होतं. मार्चमध्ये मर्यादा आली, ती संपवायला दोन दिवस होते. मिळेल त्या दुकानातून मिळेल ते साहित्य घेऊन बिल टाकलं, कारण नाहीतर पैसे परतच जाणार. त्या घाईत आलेला फुटबॉल आणि लॅमिनेट केलेले तक्ते शाळेला मिळाले, वर्गावरचा फाटका पत्रा तसाच राहिला. त्यांच्या पगारातून गेलेले पैसे कुणी परत केले नाहीत.

म्हणून तुमचा प्रश्न मुख्याध्यापकांच्या दारात संपत नाही. समितीच्या सभेत तुम्ही पालक म्हणून बसू शकता. तिथे विचारा : यंदाची मर्यादा किती आली, कोणत्या तारखेला आली, कशावर गेली? तारीख जरूर विचारा. रकमेवर सगळे बोलतात, तारखेवर कुणी बोलत नाही, आणि घोळ तारखेत आहे. तोंडी माहिती मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तालुक्यातल्या चार-पाच शाळांतल्या पालकांनी हीच तारीख विचारली तर उत्तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावं लागेल, मुख्याध्यापकांना नाही.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. माझी आई आणि शेजारच्या काकू आमच्या जुन्या शाळेत खिचडी करतात. ४२ मुलं आहेत. आईला महिन्याला अडीच हजार मिळतात, तेही वेळेवर येत नाहीत. दिवाळीलापण आले नव्हते. निंदणीला गेली तर एका दिवसाचे तीनशे मिळतात. मी आईला म्हणते काम सोड, ती म्हणते पोरं उपाशी राहतील. कोणाला सांगायचं? (एक विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तुझी आई स्वयंपाकी-मदतनीस या नावाने लागलेली असेल. २५ मुलांपर्यंत एक आणि त्यापुढे शंभरपर्यंत दोन मदतनीस असा नियम आहे, म्हणून दोघी आहेत. मानधन २०२३ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं. महिन्याचे कामाचे दिवस धरले तर रोजाला शंभराच्या आसपास पडतात. पाणी भरणं, तांदूळ निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, या सगळ्याचे शंभर रुपये. शाळा सकाळची असली तर ती पहाटेपासून चुलीपाशी असते, हे तुला माहीतच आहे.

तू नववीत आहेस, तर माझ्याबरोबर एक हिशोब कर. मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरलेले आहेत. तांदूळ यात नाही, तो मुलामागे १०० ग्रॅम वेगळा येतो. प्रमाण असं : डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. तूरडाळ १२० रुपये किलो धरली तर २० ग्रॅमचे २ रुपये ४० पैसे. भाजी ६० रुपये किलोने ३ रुपये. तेल १५० रुपये किलोने ७५ पैसे. झाले ६ रुपये १५ पैसे. उरले ६३ पैसे. त्यात मीठ, मसाला, जिरं-मोहरी आणि गॅस. ४२ मुलांचे मिळून २६ रुपये आणि वर काही पैसे. पावसाळ्यात भाजी महाग झाली की हेही उरत नाहीत, आणि मग मुलांच्या ताटात भाजीऐवजी पिवळं पाणी दिसतं. त्यात तुझ्या आईचा काही दोष नाही.

काही भागांत डाळ-तेल ठेकेदाराकडून येतं आणि शाळेला फक्त भाजी-इंधनाचे पैसे मागाहून मिळतात. तुमच्याकडे कसं आहे ते आईला विचार. अंडी पण सुरू झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्यांचा वेगळा निधी थांबवला आणि द्यायची असतील तर लोकसहभागातून द्या असं सांगितलं. यवतमाळच्या एखाद्या पाड्यावर लोकसहभाग कोण करणार? ज्यांच्या मुलांना अंड्याची गरज आहे त्यांच्याकडेच अंड्याचे पैसे मागायचे, हे मला मान्य नाही आणि कधी होणार नाही.

कोणाला सांगायचं, तर पंचायत समितीत पोषण आहाराचे अधीक्षक असतात, त्यांच्या नावाने अर्ज. अर्ज आईच्या आणि काकूंच्या सहीने, कोणत्या महिन्यापासूनचं मानधन थकलंय ते लिहून. शक्य असेल तर तालुक्यातल्या इतर मदतनिसांच्या सह्याही घ्या. अक्षर तुझं चांगलं आहे, अर्ज तूच लिही. आणि काम सोडायला आईवर जोर करू नकोस. तो निर्णय तिचा आहे.

प्रश्न : एक राज्य एक गणवेशाचं काय झालं? माझ्या नातवाला गेल्या वेळी अर्धं वर्ष संपल्यावर शर्ट मिळाला, तोही दोघं बसतील एवढा. (एक आजोबा, चाळीसगाव)

उत्तर : आजोबा, ती योजना गुंडाळली. २०२४-२५ ला कापड एका जागी खरेदी करून गणवेश बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरले होते. दुसऱ्या गणवेशाचं कापड शाळेकडे द्यायचं आणि शिलाईला शंभर रुपये, वर किरकोळ खर्चाला दहा. शंभर रुपयांत शर्ट-पँट शिवून द्यायला आमच्या गावचा शिंपी काही तयार झाला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने खरेदी पुन्हा शाळा समितीकडे दिली. एका गणवेशाला तीनशे, दोनाचे सहाशे. माप मुलाचं घ्यायचं आणि ते गावातच घेता येतं, एवढं समजायला एक शैक्षणिक वर्ष गेलं. यंदा पैसे कधी आले तेवढं समितीत विचारा.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, प्राप्तिकर भरतो. त्यावर शिक्षणाचा सेस भरतो. घरपट्टीतही शिक्षण उपकर आहे. इतकं देऊन आमच्या गावची शाळा गळते आणि गुरुजी वर्गणी मागतात. मग आमचे पैसे जातात कुठे? शिवाय शिक्षणाचं सगळं बजेट शिक्षकांच्या पगारातच जातं असं ऐकतो. (एक नोकरदार, मूळ गाव भूम तालुका)

उत्तर : दोन उपकर वेगळे आहेत, आधी ते सोडवून घेऊ.

प्राप्तिकरावरचा उपकर केंद्राचा. २००४ मध्ये दोन टक्क्यांनी सुरू झाला, २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी एक टक्का वाढला, आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के आहे. यातली मेख अशी की राज्यांना करांचा जो वाटा मिळतो त्यात उपकर धरत नाहीत. तो पूर्ण केंद्राकडे राहतो आणि समग्र शिक्षा, पोषण आहार अशा योजनांतून परत येतो. त्या योजनांत साठ टक्के केंद्र, चाळीस टक्के राज्य. केंद्राचा हप्ता आला नाही तर राज्य थांबतं, राज्याने आपला हिस्सा टाकला नाही तर केंद्राचा पुढचा हप्ता थांबतो. मार्चची घाई वर सांगितली, तिचं एक मूळ इथे आहे. घरपट्टीतला उपकर राज्याचा, १९६२ च्या कायद्याने शहरांत वसूल होणारा. पालिका गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. तुमच्या बिलावरचा रुपया तुमच्या गावच्या कौलापर्यंत कसा पोचतो हे दाखवणारा एकही कागद नागरिकाच्या हाती पडत नाही. तुमचा राग मी पूर्ण समजू शकते.

पगाराचं म्हणाल, तर बहुतांश खर्च पगारावर जातो हे खरं आहे. त्यात गैर काय? शाळा म्हणजे शिकवणारं माणूस. प्रश्न असा आहे की पगार सोडून जे लागतं त्याची तरतूद इतकी तुटपुंजी ठेवलीय की बाकी सगळं दानावर टाकलं जातं. आणि पगारही सगळ्यांना नाही. नवा शिक्षण सेवक पहिली तीन वर्षं १६ हजारांवर काम करतो, तेही २०२३ पासून. त्याआधी सहा हजार होते. विनाअनुदानित शाळांतले शिक्षक वीस टक्के, चाळीस टक्के अशा अनुदानाच्या टप्प्यांसाठी आझाद मैदानावर पावसात बसतात. माझ्या एका विद्यार्थ्याने अशा शाळेत नोकरी करताना संध्याकाळी किराणा दुकानात पुड्या बांधल्या. तो गणित उत्तम शिकवतो.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तेच सहा टक्के लिहिलेले आहेत. मधली चौपन्न वर्षं आपण ते गाठलेले नाहीत. आणि महाराष्ट्रात हा प्रश्न त्याहून जुना. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी मांडलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुरू केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला रुपया दंड ठेवला. एका संस्थानाच्या तिजोरीतून ते झालं. आज राज्याच्या तिजोरीत त्याच्या किती पट पैसा आहे! पैसे नाहीत हे मला कुणी सांगू नये. कुणाच्या मुलांसाठी आहेत, एवढंच विचारायचं राहतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये खाजगी शाळांतल्या गरिबांच्या २५ टक्के जागांचा नियम राज्याने बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट. त्याच जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. सरकारी शाळा जवळ आहे म्हणून गरिबाचं मूल तिथेच जावं असं म्हणायचं असेल, तर ती शाळा आधी गळायची थांबवा.

तुम्ही स्वतः काय करू शकता? तुमच्या भागातल्या आमदारांना लिहा. २०२२ च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, आणि पुढे काही वर्षं तिथे प्रशासकच होता. शाळेचं छत शिक्षण समितीत मांडणारा गावचा सदस्यच नव्हता. अशा वेळी विधानसभेत विचारलेला एक प्रश्न बरंच काम करतो, कारण त्याचं उत्तर आकड्यांत द्यावं लागतं.

प्रश्न : आमचं गावकरी मंडळ मुंबईत आहे. गावच्या शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही द्यायचा ठराव झालाय. काही जण म्हणतात सरकारचं काम आपण का करायचं? तुमचं मत? (मंडळाचे सेक्रेटरी, परळ, गाव संगमेश्वर तालुका)

उत्तर : टीव्ही द्यायच्या आधी सुट्टीत गावी जाल तेव्हा शाळेत एक फेरी मारा. मीटर चालू आहे का? मुलींच्या संडासाला पाणी आहे का? चौथीच्या वर्गावर छत कसं आहे? कोकणातल्या पावसात गळक्या खोलीत टीव्ही दुसऱ्या वर्षी बंद पडतो, आणि मग तो कपाटात ठेवून शाळा वर्षानुवर्षं सामानाच्या वहीत, जडवस्तू नोंदीत, त्याचं नाव सांभाळत बसते.

द्या, जरूर द्या. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या सुंदर शाळा मी पाहिल्या आहेत. पण जे गाव देऊ शकतं तिथेच शाळा चांगली आणि कातकरी वाडीवर कुणी मंडळ नाही म्हणून ती तशीच, हे चालवून घेऊ नका. २०२३ च्या सप्टेंबरात शाळा दत्तक देण्याची योजना आली, देणगीदाराचं नाव शाळेला जोडायची सोयही तिच्यात होती. माझा तिला विरोध होता आणि आहे. सार्वजनिक शाळा दात्याच्या मर्जीवर ठेवायची नसते. तुमची मदत पुस्तकांना द्या, सहलीला द्या, गावच्या एखाद्या पदवीधर मुलीला संध्याकाळच्या वाचनवर्गाचं मानधन द्या. छप्पर, संडास, वीज आणि शिक्षक मात्र सरकारकडूनच वसूल करा.

छप्पर वसूल करायचा रस्ता लांब आहे, तोही सांगते. खोली धोकादायक असेल तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतून बाद करण्याचा, प्रस्ताव लागतो. तो मंजूर झाल्याशिवाय पाडता येत नाही, आणि पाडल्यावर नवी खोली मंजूर होईपर्यंत मुलं व्हरांड्यात किंवा देवळात. म्हणून निर्लेखन आणि नव्या खोलीचा प्रस्ताव दोन्ही एकदमच पाठवायला सांगा. किरकोळ दुरुस्ती असेल तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून मागा. संडास आणि पाण्यासाठी ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा बंधित निधी, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच वापरायचा पैसा, येतो, तो शाळेवर खर्च करता येतो, फक्त गावच्या विकास आराखड्यात शाळेचं नाव आलेलं हवं. आराखडा ग्रामसभेत ठरतो. मंडळाचे चार जण त्या दिवशी परळहून गावी गेले तर टीव्हीपेक्षा जास्त किमतीचं काम होईल.

आणि जिल्हा परिषदेचे इंजिनिअर अंदाजपत्रक करायला येतील ते शक्यतो पावसाळ्यात बोलवा. मे महिन्यात आले तर छत कोरडं दिसतं आणि अंदाजपत्रकात नुसता रंग धरला जातो. पावसात येणं जमलंच नाही, तर गळती चालू असतानाचे फोटो तारखेसकट काढून मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवा, आणि प्रस्तावाला जोडले की नाही ते बघा.